पाचपोच येते कुठून?

बाई सहज सांगत होत्या, “काल कामाला जाताना माझ्या गाडीचा टायर पंक्चर झाला.” ऐकणाऱ्याने शांतपणे विचारलं, “टायर पंक्चर झाला म्हणजे काय झालं?” बाई क्षणभर सुन्न झाल्या आणि मग भडकल्या. “म्हणजे काय म्हणजे? पंक्चर झाला म्हणजे पंक्चर झाला! हा काय वेड्यासारखा प्रश्न?”

हा प्रसंग अमेरिकेतला, १९६० च्या दशकात प्रसिद्ध झालेला. हॅरॉल्ड गार्फिंकेल हे समाजशास्त्रज्ञ लॉस एंजेलिसला कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकवत आणि विद्यार्थ्यांना असे विचित्र गृहपाठ देत. ओळखीच्या माणसाशी गप्पा मारा, पण त्याच्या साध्यात साध्या वाक्याचाही अर्थ विचारत राहा, हा त्यातला एक. दुसरा गृहपाठ याहून अवघड होता: पंधरा मिनिटांपासून तासाभरापर्यंत स्वतःच्याच घरात भाडेकरूसारखं वागायचं. अदबीने बोलायचं, कुणी बोललं तरच बोलायचं, कशालाही हात लावण्याआधी परवानगी घ्यायची. एकाने आईला विचारलं, फ्रिजमधलं थोडं काही खाल्लं तर चालेल का? आई म्हणाली, इतकी वर्षं मला न विचारता खातोयस, आज काय झालं तुला? इतर घरांतही तेच. नोकरी गेली का, बरं नाहीये का, कशाचा राग आलाय, डोकं ठिकाणावर आहे ना, असे प्रश्न सुरू झाले. काही घरांत तर चक्क भांडणं झाली.

या विद्यार्थ्यांनी कुणाला उलट उत्तर दिलं नव्हतं. ते नेहमीपेक्षा जास्त नम्र वागत होते, आणि तरीही घरच्यांना ते लागलं. आपण नेमका कोणता नियम मोडला, हे मुलांनाही सांगता येईना आणि आईवडिलांनाही. कारण तो नियम कुणी कधी उच्चारलेलाच नव्हता.

मराठीत याला एक नेमका शब्द आहे, पाचपोच. ‘त्याला काही पाचपोच नाही’ असं म्हणताना त्या माणसाला अक्कल कमी आहे असंही आपण म्हणतो आणि चारचौघांत कसं वागावं हे कळत नाही असंही. इंग्रजीतून आलेला ‘कॉमन सेन्स’ आणि आपला ‘सभ्यपणा’ हे दोन वेगळे शब्द वाटतात, पण रोजच्या व्यवहारात दोन्हींचं मूळ एकच असतं: जे सगळ्यांना न सांगता कळतं असं आपण धरून चालतो ते. माझं म्हणणं एवढंच, की ते न सांगता कळलेलं नसतं. ते शिकवलेलं असतं, फक्त इतक्या लहानपणी आणि इतक्या वेळा, की शिकल्याची आठवण राहत नाही. समोरच्याला पाचपोच नाही असं वाटतं तेव्हा अनेकदा त्याच्याकडे ती असते, पण दुसऱ्या घरात घडलेली.

साध्या गोष्टीची साधी नसलेली मुळं

क्लिफर्ड गीर्ट्झ या अमेरिकी मानवशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये एका निबंधात हा मुद्दा स्पष्ट मांडला. धर्म, कला, कायदा या जशा संस्कृतीच्या रचना, तशीच कॉमन सेन्स हीसुद्धा एक रचना आहे, असं तो म्हणतो. इतर रचनांच्या मागे परंपरा असते, ग्रंथ असतात, जाणकार असतात. कॉमन सेन्स मात्र म्हणते, माझ्यामागे काही नाही, जग आहेच असं, डोळे उघडून बघा. तिची सगळी ताकद या दाव्यात आहे. म्हणून तिच्याशी वाद घालणंही कठीण जातं. ‘हे उघडच आहे’ असं म्हणणाऱ्या माणसाकडे पुरावा कसा मागणार?

गीर्ट्झने दिलेलं एक उदाहरण मुळात ई. ई. इव्हान्स-प्रिचर्ड या ब्रिटिश मानवशास्त्रज्ञाने १९३७ मध्ये नोंदवलेलं आहे. आजच्या दक्षिण सुदानच्या परिसरातल्या आझांदे समाजात तो राहिला होता. तिथल्या एका मुलाला पायवाटेवरच्या खुंटाची ठेच लागली, जखम चिघळली, आणि मुलगा म्हणाला, कुणीतरी चेटूक केलंय. इव्हान्स-प्रिचर्डने त्याची समजूत घातली: खुंट तिथे आपोआप उगवलाय, तू पाहून चालला नाहीस, एवढंच. मुलाने हे सगळं मान्य केलं. खुंट चेटकाने उगवलेला नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. पण तो म्हणाला, मी नेहमीसारखा नीट बघून चालत होतो. या वाटेने शेकडो वेळा गेलोय. मग आजच खुंट का दिसला नाही? आणि एरवी लवकर भरणारी जखम या वेळीच का चिघळली?

त्याच भागात धान्याची कोठारं खांबांवर उभारत आणि दुपारी लोक त्यांच्या सावलीत बसत. कधी एखादं कोठार कोसळून माणसं जखमी होत. खांब वाळवीने पोखरले होते, हे सगळेच सांगत. पण नेमकी हीच माणसं बसलेली असताना, याच क्षणी ते का कोसळलं? हा प्रश्न आपल्यालाही पडतो. आपण त्यावर ‘योगायोग’ म्हणतो, ‘नशीब’ म्हणतो, ‘वेळ वाईट होती’ म्हणतो, आणि पुढे जातो. आझांदे तिथे चेटूक म्हणत. चेटूक खरं होतं असं मी म्हणत नाहीये. पण त्या मुलाच्या बोलण्याला मूर्खपणा म्हणता येणार नाही. सावध माणूस ठेचकाळत नाही, ही त्याची अतिशय व्यवहारी समजूत होती, आणि ती टिकवण्यासाठी त्याला अपवादाचं कारण हवं होतं.

शहाण्याची वर्गवारी

रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया १९३१ आणि १९३२ मध्ये मध्य आशियात, उझबेकिस्तानच्या खेड्यांत गेला होता. शाळेचं तोंड न पाहिलेल्या शेतकऱ्यांना तो चार चित्रं दाखवी: हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका. यातलं वेगळं कोणतं? शाळेत गेलेलं मूल चटकन ओंडका बाजूला काढेल, बाकी तिन्ही हत्यारं आहेत. एक शेतकरी मात्र म्हणाला, चारही लागतात. करवतीने कापायचं, कुऱ्हाडीने फोडायचं, मग ओंडका नको कसा? लुरियाने सांगितलं, एका माणसाने ओंडका वेगळा काढला होता. त्यावर शेतकऱ्याचं म्हणणं पडलं, त्याच्याकडे सरपण भरपूर असेल, आमचं तसं नाही.

हे उत्तर मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ मनातून गेलं नाही. लुरियाला वस्तूंची जात विचारायची होती, शेतकरी वस्तूंचं काम सांगत होता. काम ज्याच्या अंगावर आहे त्याला दुसरं काही सुचावं तरी का? ओंडक्याशिवाय करवत घेऊन बसणारा माणूस त्याच्या दृष्टीने बिनडोकच.

पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात, क्पेले समाजात, याच्याही पुढची गोष्ट घडली. मायकेल कोल, जोसेफ ग्लिक हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी तिथे काम करत होते. ग्लिकने सांगितलेली आठवण अशी: वीस वस्तू पुढे ठेवून गट करायला सांगितले, की लोक वापराप्रमाणे जोड्या लावत. सुरी आणि संत्रं एकत्र, कारण सुरीने संत्रं कापायचं. शहाणा माणूस असंच करतो, असं वर सांगत. शेवटी संशोधकांनी विचारलं, बरं, मग मूर्ख माणूस कसं करेल? त्याबरोबर हत्यारं एका बाजूला, खाण्याच्या वस्तू दुसऱ्या बाजूला, असे सुबक गट पडले. बुद्धिमत्तेच्या चाचणीत पूर्ण गुण मिळवून देणारी मांडणी त्यांना येत होती. ती त्यांच्याकडे मूर्खाची मांडणी होती, म्हणून त्यांनी ती केली नव्हती.

इथे मला थांबून एक गोष्ट सांगावीशी वाटते. परीक्षा घेणाऱ्याने ‘मूर्ख काय करेल’ हा प्रश्न विचारला नसता तर त्या लोकांच्या नावापुढे काय नोंद राहिली असती? अमूर्त विचार जमत नाही, अशी. किती माणसांच्या, किती समाजांच्या नावापुढे अशा नोंदी झाल्या असतील आणि कुणीच दुसरा प्रश्न विचारला नसेल, हा विचार मला अस्वस्थ करतो.

काळाचंही असंच. आपण ‘पुढचं वर्ष’ आणि ‘मागची गोष्ट’ म्हणतो तेव्हा भविष्य समोर आहे, भूतकाळ पाठीशी आहे, यात काही ठरवून घेतल्यासारखं वाटत नाही. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतात आयमारा भाषा बोलणारे लोक मात्र भूतकाळ पुढे आणि भविष्य मागे मानतात. राफाएल नून्येस आणि ईव्ह स्वीटसर यांनी २००६ मध्ये त्यांच्या हातवाऱ्यांचाही अभ्यास प्रसिद्ध केला. जुनी गोष्ट सांगताना बोलणाऱ्यांचा हात पुढे जाई, पुढचं काही सांगताना खांद्यावरून मागे. यामागचा तर्क सरळ आहे: जे घडून गेलं ते दिसतं, म्हणून ते डोळ्यांसमोर, आणि जे व्हायचंय ते दिसत नाही, म्हणून ते पाठीमागे.

मूल हे कसं उचलतं

हे सगळं डोक्यात शिरतं कसं? त्याचं सर्वांत सुंदर उत्तर एका पेटीत आहे. व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चिंपांझींना आणि तीन-चार वर्षांच्या मुलांना एक पेटी उघडून दाखवली. आधी काठी वरच्या भोकात घालायची, मग पुढच्या दारातून बक्षीस काढायचं. पेटी अपारदर्शक असताना दोघांनीही सगळ्या क्रिया जशाच्या तशा केल्या. मग पारदर्शक पेटी आणली. आता स्पष्ट दिसत होतं, की वरच्या भोकातल्या काठीचा बक्षिसाशी काही संबंध नाही, मध्ये आडवी फळी आहे. चिंपांझींनी ती निरुपयोगी क्रिया सोडून दिली आणि थेट दारातून बक्षीस घेतलं. मुलं मात्र वर काठी घालतच राहिली.

यात मुलं चिंपांझींपेक्षा बावळट ठरली असं वाटेल. मला उलट वाटतं. माणसाच्या मुलाला जन्मतः एक पैज लावावी लागते: मोठी माणसं जे करताहेत त्याचं कारण मला दिसत नसलं तरी काहीतरी असणार. भाषा अशीच शिकली जाते. झाडाला ‘झाड’च का म्हणायचं, याचं कारण कुणी विचारत नाही. रीतभातही तशीच अंगवळणी पडते. कारण नंतर कळतं, किंवा कधीच कळत नाही.

आणि मूल फक्त उचलून थांबत नाही, लगेच पहारेकरी होतं. जर्मनीत लाइपझिगमध्ये हॅनेस राकोत्सी, फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००८ मध्ये केलेल्या प्रयोगात मुलांना एक नवाच खेळ दाखवला आणि त्याला एक बनावट नाव दिलं. मग एक हातातली बाहुली आली. ‘आता मी तो खेळ खेळते’ म्हणाली आणि भलतंच काहीतरी करू लागली. तीन वर्षांची मुलं तिला अडवू लागली: असं नाही, असं नाही करायचं! खेळ काही मिनिटांपूर्वी पहिल्यांदा पाहिलेला, त्यावाचून कुणाचं काही बिघडणार नाही, तरीही मुलांच्या मते ते ‘चूक’ होतं. ‘आम्ही असं करतो’ हे ‘असंच करायचं असतं’ कधी होऊन जातं, त्याला वर्षं लागत नाहीत.

सभ्यपणाचे दोन ओढे

पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी १९७८ मध्ये सभ्यपणाबद्दल एक सिद्धांत मांडला, तो आजही या विषयाचं प्रवेशद्वार मानला जातो. मेक्सिकोतली त्सेल्ताल, तमिळ आणि इंग्रजी या तीन भाषांमधलं बोलणं त्यांनी तपासलं होतं. त्याआधी अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने सांगितलं होतं, की चारचौघांत प्रत्येक माणूस आपलं तोंड सांभाळत असतो. मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. तोंडघशी पडणं, तोंड लपवणं, तोंड दाखवायला जागा न उरणं, हे सगळं त्याच तोंडाबद्दल आहे. ब्राउन आणि लेव्हिन्सन म्हणतात, या तोंडाच्या दोन भुका असतात. लोकांनी मला आपलं म्हणावं, ही एक. लोकांनी मला मोकळं सोडावं, माझ्यात लुडबुड करू नये, ही दुसरी.

दोन्ही भुका प्रत्येकाला असतात आणि त्या एकमेकींच्या आड येतात. ‘एवढ्या उशिरा कुठे निघालात?’ या प्रश्नात पहिल्या बाजूने पाहिलं तर काळजी आहे, दुसऱ्या बाजूने पाहिलं तर चौकशी आहे. कोणत्या नात्यात, कोणत्या वेळी कोणती भूक आधी भागवायची, हे संस्कृती ठरवते. म्हणून एकीकडचा आपलेपणा दुसरीकडे आगाऊपणा होतो आणि एकीकडचा संकोच दुसरीकडे शिष्टपणा.

या सिद्धांतावर महत्त्वाचा आक्षेप जपानमधून आला. साचिको इदे या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९८९ मध्ये दाखवलं, की या सिद्धांतात सभ्यपणा म्हणजे प्रत्येक वेळी निवडलेली खेळी, असं गृहीत धरलं आहे. जपानीत क्रियापदाचं रूप ठरवतानाच आपली आणि समोरच्याची जागा ओळखावी लागते. तिथे सभ्यपणाशिवाय नुसतं वाक्य करताच येत नाही. ‘ये’ म्हणायचं की ‘या’, हे ठरवल्याशिवाय ज्यांना कुणाला आत बोलावता येत नाही, त्यांना या आक्षेपातलं तथ्य लगेच कळेल.

आभारांचंच पाहा. ‘थँक यू’ न म्हणणारा माणूस कृतघ्न, हे अनेकांना वादापलीकडचं वाटतं. सिमियन फ्लॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये पाच खंडांतल्या आठ भाषांमधल्या घरगुती, रोजच्या बोलण्याची ध्वनिचित्रमुद्रणं तपासली. कुणी काही मागितलं, दुसऱ्याने ते दिलं, अशा प्रसंगांत शब्दांनी आभार मानले गेले ते सरासरी वीसांत एकदा. इंग्रजीतसुद्धा साधारण सातांत एकदाच. इक्वेडोरमधल्या चापाला भाषेत तर ‘आभारी आहे’ म्हणायची रूढ पद्धतच नाही. पण आठही ठिकाणी मदत मागितली की बहुतेक वेळा ती मिळत होती. आपल्या माणसांत मदत गृहीत असते आणि ती गृहीत धरणं हाच जवळिकीचा पुरावा असतो. गार्फिंकेलच्या विद्यार्थ्याची आई का दुखावली, त्याचं उत्तर इथे आहे.

अंतराचीही गंमत आहे. अनोळखी माणसापासून किती लांब उभं राहावं, हे आग्नेष्का सोरोकोव्स्का आणि सहकाऱ्यांनी ४२ देशांतल्या सुमारे ९ हजार लोकांना विचारलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत अर्जेंटिनाचे लोक सर्वांत जवळ उभं राहणाऱ्यांत होते, रुमानियाचे सर्वांत लांब. अशी दोन माणसं बोलायला उभी राहिली, तर एक पुढे सरकत राहील, दुसरा मागे. अंगावर येणारा आणि अंग चोरणारा, असं दोघं एकमेकांबद्दल मत करून घेतील, आणि दोघंही आपापल्या घरी अगदी शहाण्यासारखे उभे असतील.

बैल

या विषयातला मला सर्वांत प्रिय प्रसंग कलहारी वाळवंटातला आहे. रिचर्ड ली हा मानवशास्त्रज्ञ १९६० च्या दशकात बोट्सवानात शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या कुंग लोकांमध्ये राहत होता. अभ्यासाच्या काळात तो त्यांना खायला देत नसे, त्यामुळे चिक्कू ठरला होता. नाताळच्या सणाला भरपाई म्हणून त्याने परिसरातला सर्वांत मोठा, पाचशे किलोंच्या पुढचा लठ्ठ बैल विकत घेतला. बातमी पसरली आणि एकेक जण येऊन सांगू लागला: हा हाडांचा सापळा काय घेतलास? यात सगळ्यांचं पोट कसं भरणार? मांसावरून मारामाऱ्या होतील बघ. म्हातारी माणसं आली, तरुण आले, सगळ्यांचं तेच. ली इतका खट्टू झाला, की सणाच्या दिवशी तिथून निघूनच जावं असं त्याच्या मनात आलं.

बैल कापला. सुरीखाली बोटं बोटं जाड चरबी लागली. लोक हसून हसून लोळायचे बाकी राहिले, दोन दिवस पोटभर जेवले, नाचले, आणि तरीही बैलाला ‘हाडकुळा’ म्हणत राहिले. लीने मग एकेकाला गाठून कारण विचारलं. ते असं कळलं: कुणी मोठी शिकार करून आला, की आम्ही त्याच्या शिकारीला नावं ठेवतो. तरुण माणूस खूप मांस आणतो तेव्हा त्याला वाटू लागतं, आपण सरदार आहोत, बाकीचे आपले चाकर. असा गर्व उद्या कुणाचा तरी जीव घेईल. म्हणून त्याचं मांस कवडीमोल म्हणायचं आणि त्याचं काळीज थंड करायचं.

ज्याला ली कृतघ्नपणा समजत होता ती त्या समाजातली एक अत्यंत काळजीपूर्वक सांभाळलेली रीत होती. खाणाऱ्याने देणाऱ्यापुढे वाकू नये, यासाठीची. आणि नीट पाहिलं तर लोकांनी लीला परक्यासारखं नव्हे, आपल्यातल्या शिकाऱ्यासारखं वागवलं होतं.

देण्याघेण्यातला हाच ताण एका वेगळ्या प्रयोगात आकड्यांत उतरला. एकाला रक्कम द्यायची, त्याने दुसऱ्याला हवा तेवढा वाटा देऊ करायचा, दुसऱ्याने नाकारला तर दोघांनाही काही नाही. जोसेफ हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी हा खेळ जगभरातल्या १५ छोट्या समाजांत खेळला, २००१ पासून त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पेरूतले माचिगेंगा सरासरी साधारण पाव वाटा देऊ करत, आणि समोरचा तोही सहसा नाकारत नसे. इंडोनेशियातल्या लामालेराचे देवमासा धरणारे लोक अर्ध्याहून जास्त देत, कारण त्यांची शिकारच अनेकांनी मिळून करायची आणि वाटून घ्यायची. पापुआ न्यू गिनीतल्या आउ आणि ग्नाउ समाजांत मात्र लोकांनी अर्ध्याहून मोठा वाटाही नाकारला. फुकट मिळणारे पैसे नाकारणं हा वेडेपणा वाटेल. पण जिथे मोठी भेट म्हणजे उद्याचं मोठं ओझं, तिथे नको म्हणणं हाच शहाणपणा.

किंमत

हे सगळं वाचायला रंजक आहे, पण चूक झाली तर किंमत खरी असते. २५ जानेवारी १९९० ला कोलंबियाहून न्यूयॉर्कला निघालेलं एक प्रवासी विमान खराब हवामानामुळे आकाशात घिरट्या घालत राहिलं. इंधन संपत आलं. वैमानिकांनी ‘प्राधान्य’ मागितलं, पण ‘आणीबाणी’ हा शब्द नियंत्रकांपर्यंत कधी पोचलाच नाही. पहिली उतरण्याची खटपट फसल्यावर कॅप्टनने सहवैमानिकाला आणीबाणी सांगायला सांगितलं. सहवैमानिकाने आधी दिशेचा आकडा नीट परत म्हणून दाखवला आणि वाक्याच्या शेवटी जोडलं, आमचं इंधन संपत आलंय. ऐकणाऱ्यांना त्यात धोक्याची घंटा ऐकू आली नाही. विमान लाँग आयलंडवर कोसळलं. १५८ पैकी ७३ जण गेले.

या अपघातावर नंतर पुष्कळ लिहिलं गेलं. अधिकाऱ्यापुढे आवाज न चढवण्याच्या सवयीवर काहींनी बोट ठेवलं. एका अख्ख्या देशाच्या स्वभावावर असं खापर फोडणं मला पटत नाही, कॉकपिटमध्ये थकवा होता, यंत्रणेतले दोष होते, परकी भाषा होती. अधिकृत चौकशीत मुख्य दोष वैमानिकांवर आला, पण कमी इंधनासाठी दोन्ही बाजूंना एकसारखे समजतील असे ठरलेले शब्द नव्हते, हेही तिथे नोंदवलं गेलं. मला हे महत्त्वाचं वाटतं. ‘प्राधान्य’ या शब्दाचं वजन ऐकणाऱ्याला कळेलच, असं प्रत्येकाने धरून चाललं. जिथे जीव पणाला लागलेले असतात तिथे पाचपोचेवर विसंबून चालत नाही, शब्द आधी ठरवून घ्यावे लागतात.

याचा अर्थ जगात समान असं काहीच नाही, असा मात्र नाही. तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दहा भाषांमधले हो-नाहीचे प्रश्न तपासले. सगळीकडे लोक दुसरा बोलत असताना मध्येच बोलणं टाळतात आणि मध्ये लांब पोकळीही ठेवत नाहीत. जपानीत उत्तर सरासरी ७ मिलिसेकंदांत येई, डॅनिशमध्ये साधारण ४७० मिलिसेकंदांत. फरक अर्ध्या सेकंदाहून कमी. पण कान त्यालाच सरावलेले असतात, म्हणून तेवढ्या फरकातही ‘हा मला बोलूच देत नाही’ किंवा ‘याला बोलायची इच्छा दिसत नाही’ असं वाटू शकतं. माणसामाणसांत साम्य खूप आहे, आणि कदाचित म्हणूनच उरलेला बारीकसा फरक स्वभावाचा दोष वाटतो.

आणि एकाच समाजातली माणसं तरी एकमताची कुठे असतात? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मार्क व्हायटिंग आणि डंकन वॉट्स यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २,०४६ जणांकडून ४,४०७ विधानं तपासून घेतली. तुम्हाला हे पटतं का, आणि इतरांना पटेल असं वाटतं का? भौतिक जगाबद्दलच्या साध्या, थेट विधानांवर बरंच एकमत होतं. पण पुष्कळ लोकांना पुष्कळ गोष्टी सारख्याच उघड वाटतात, असं फार थोड्या प्रमाणात दिसलं. वय किंवा स्त्री-पुरुष भेदाने फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो इतरांचं मन ओळखण्याच्या कौशल्याने.

म्हणून कुणी ‘हे तर कॉमन सेन्स आहे’ म्हटलं, की मी आधी पाहते, म्हणणारा कोण आहे आणि ऐकणारा कोण. नवीन कामगार, परगावचा विद्यार्थी, परक्या देशात उतरलेला निर्वासित, नव्या घरात आलेली सून: न लिहिलेले नियम मोडल्याचा दंड नेहमी यांनाच होतो. स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ ला पहाटे पाच वाजता रस्त्याची डावी बाजू सोडून उजवी धरली, तेव्हा आधी चार वर्षं तयारी केली होती, घरोघर सूचना गेल्या होत्या. नियम लिहिलेला होता, म्हणून तो शिकवता आला आणि बदलताही आला. जो नियम आहे हेच कुणी कबूल करत नाही, तो नव्या माणसाला शिकवणार कोण? त्याला फक्त हसता येतं. ‘आमच्याकडे असं असतं’ हे तीन शब्द आधी सांगून टाकले, तर त्या माणसाचे कितीतरी अपमान वाचतात. आणि ‘तुमच्याकडे याचा अर्थ काय होतो?’ असं विचारलं, तर आपलेही काही गैरसमज.

काही वेळा मात्र विचारणंसुद्धा घाईचं असतं. कीथ बासो यांनी १९७० मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या पश्चिम अपाची समाजातल्या मौनाबद्दल लिहिलं. त्यांनी वर्णन केलेल्या प्रसंगांपैकी एक असा: दूरच्या निवासी शाळेत गेलेली मुलं कित्येक महिन्यांनी घरी येतात. आईवडील न्यायला आलेले असतात. कुणी धावत जाऊन प्रश्नांची सरबत्ती करत नाही. आईवडील गप्प राहतात. इतके दिवस परक्या लोकांत राहून आपलं मूल कदाचित बदललं असेल, ते आता कोण आहे हे आपल्याला ठाऊक नाही, असं ते मनाशी धरतात. बहुतेक वेळा मूलच आधी बोलायला लागतं, शाळेतलं, मित्रांचं, काहीबाही. आईवडील ऐकत राहतात.